एकच शाळायादी, एकाच क्वेरीत दोनदा

महाळुंगे म्हणजे चाकण एमआयडीसीचा भाग. वडिलांची कंपनी बदलली की खोली बदलते, खोली बदलली की मुलाची शाळा. समजा, अशा मुलांचा एक तक्ता आपण केलाय. त्यात प्रत्येकापुढे दोन युडायस क्रमांक आहेत, मागील शाळेचा आणि सध्याच्या शाळेचा. शाळांची नावं मात्र 'शाळा' या दुसऱ्या तक्त्यात. (नावच लिहिलं तर? एक महाळुंगे खेड तालुक्यात, दुसरं बालेवाडीला लागून. घोळ होणारच. अकरा अंकी क्रमांक बरा.)

आता यादीत दोन्ही शाळांची नावं हवीत. 'शाळा' तक्ता एकदाच जोडून दोन्ही अटी 'अँड'ने घातल्या, तर संगणक दोन्हीकडे एकच क्रमांक असलेली मुलं शोधतो. म्हणजे शाळा बदललेलं एकही मूल येणार नाही! 'ऑर' घातलं तर एकेका मुलाच्या दोन-दोन ओळी.

उपाय सोपा आहे. शाळायादीच्या दोन झेरॉक्स काढल्या, एकीवर 'जुनी' लिहिलं, दुसरीवर 'आताची', असं समजा. या टोपणनावाला 'एलियस' म्हणतात. तक्ता मुळात एकच राहतो, प्रत खरोखर निघत नाही.

सिलेक्ट मुले.नाव, जुनी.नाव, आताची.नाव
फ्रॉम मुले
लेफ्ट जॉइन शाळा अ‍ॅज जुनी ऑन मुले.मागील = जुनी.युडायस
लेफ्ट जॉइन शाळा अ‍ॅज आताची ऑन मुले.सध्याची = आताची.युडायस

(टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरांत.) नुसतं 'नाव' लिहून चालत नाही, कोणाचं नाव ते संगणकाला कळत नाही.

आणि 'लेफ्ट'च का? माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच. पहिलीत नव्यानं आलेल्या मुलाची मागील शाळा कोरी असते. बिहारहून आलेल्या मुलीचा जुना क्रमांक 10 ने सुरू होतो, आणि आपल्या तक्त्यात फक्त महाराष्ट्राच्या, म्हणजे 27 ने सुरू होणाऱ्या शाळा. साधा जॉइन केला तर ही दोघंही यादीतून गुपचूप गळतात. कुठलीही सूचना येत नाही. आणि त्याच यादीवरून पुस्तकं, गणवेश मागवले असतील तर? लेफ्ट जॉइनमध्ये मूल राहतं, फक्त जुन्या शाळेचा रकाना रिकामा दिसतो.

क्वेरी चालवल्यावर ओळी मोजा. मुलं 40 तर ओळीही 40 हव्यात. 41 आल्या तर 'शाळा' तक्त्यात एखादा क्रमांक दोनदा भरला गेलाय, तो आधी शोधा.