वराहमांस भर्जन, कोळशावरील

डुकराच्या मांसाचे जाड काप लोणारी कोळशाच्या निखाऱ्यांवर जाळी ठेवून भाजण्याची पाकक्रिया. विस्तवावर मांस भाजण्याची रीत अतिप्राचीन आहे. तथापि घराच्या अंगणात झाकणाच्या शेगडीवर असे काप भाजण्याचा प्रघात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विशेष रूढ झाला. मिसूरी राज्यातील सेंट लूइस शहर व त्याचा परिसर यांकरिता प्रसिद्ध आहे.

कापांची निवड : सेंट लूइस येथे खांद्याच्या वरच्या भागाचे, फऱ्याच्या हाडासह आडवे कापलेले, सु. १·५ ते २·५ सेंमी. जाडीचे काप वापरतात. या भागातील स्नायू सतत वापरात असल्याने मांस चिवट असते. मात्र त्यात मेद व संयोजी ऊतक (पेशीसमूह) पुष्कळ असते. या ऊतकातील कोलॅजेन हे प्रथिन सु. ७०° से.च्या वर हळूहळू जिलेटिनात रूपांतरित होते व मांस मऊ पडते. म्हणून हे काप सु. ८५° ते ९०° से.पर्यंत सावकाश तापवितात. याउलट, कमरेचे मांस मुळातच मऊ व कमी मेदाचे असल्याने इतके तापविल्यास कोरडे पडते.

शेगडी व इंधन : लाकूड अपुऱ्या हवेत तापविल्याने लोणारी कोळसा तयार होतो. लाकडाचे मूळ तुकडे किंवा भुकटी दाबून केलेल्या वड्या, अशा दोन्ही स्वरूपांत तो वापरतात. जॉर्ज स्टीफन यांनी १९५२ मध्ये शिकागो येथे धातूच्या बोयाच्या अर्धगोलांपासून झाकणाची शेगडी बनविली. तिच्या खालच्या व वरच्या झरोक्यांतून येणारी हवा कमीजास्त करून आच नियंत्रित करता येते.

कृती : कोळशावर राखेचा पांढरा थर धरल्यावर निखारे शेगडीच्या एका बाजूस सारतात. मीठ व मसाला लावलेले काप प्रथम निखाऱ्यांवर धरून दोन्ही बाजूंनी तांबूस करतात. पृष्ठभाग कोरडा होऊन सु. १४०° से.च्या वर तापला, की ॲमिनो अम्ले व शर्करा यांच्यातील विक्रियेने रंग व खमंगपणा येतो. नंतर काप निखारे नसलेल्या बाजूस सरकवून झाकण लावतात. निखाऱ्यांवर ठिबकणाऱ्या मेदाने भडका उडतो. त्यामुळे मांस करपते आणि धुरातील अपायकारक हायड्रोकार्बने त्यावर बसतात. टोमॅटोचा आंबटगोड रस्सा शेवटी लावतात, कारण त्यातील साखर लवकर जळते. काही घरांत भाजलेले काप याच रश्श्यात मंद आचेवर शिजवितात.

दक्षता : अर्धवट भाजलेल्या मांसातून ट्रिकिनेला हा गोलकृमी व टीनिया सोलियम हा पट्टकृमी मनुष्यात शिरू शकतो. बाहेरचा रंग किंवा आतला गुलाबीपणा यांवरून मांस भाजल्याची खात्री होत नाही. त्यासाठी सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकविता, तापमापक खुपसावा लागतो. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०११ मध्ये अखंड कापांसाठी आतील किमान तापमान ७१° से.वरून ६३° से. केले व त्यानंतर ३ मिनिटे विसाव्याची अट घातली. खिम्यासाठी ७१° से. ही मर्यादा कायम ठेवली. खांद्याचे काप मऊ होण्यासाठी लागणारे तापमान या मर्यादेच्या बरेच वर असते. कच्च्या मांसाचे ताट भाजलेल्या मांसासाठी न धुता वापरू नये.

कोळशाच्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड हा रंगहीन, गंधहीन व विषारी वायू निर्माण होतो. रक्तातील हीमोग्लोबिनाशी तो ऑक्सिजनापेक्षा सहज संयोग पावतो व मृत्यू ओढवू शकतो. यामुळे अशी शेगडी खोलीत, बंद सज्जात किंवा तंबूत पेटवू नये. खिडकी उघडी ठेवणे पुरेसे नसते. भर्जन संपल्यावरही निखारे पूर्णपणे विझेपर्यंत शेगडी घरात आणू नये.