अचल वृक्षांचा वंशविस्तार

फाल्गुन सरून चैत्र लागला, की मावल्याच्या परिसरात मोहाच्या झाडांखाली पहाटेच माणसांची लगबग सुरू होते. रात्रभर टपटप गळलेली पिवळसर पांढरी, मांसल फुले वेचून टोपल्या भरावयाच्या, ऊन चढण्यापूर्वी घर गाठावयाचे आणि अंगणात फुले वाळत घालावयाची, हा आदिलाबाद जिल्ह्यातील अनेक कुटुंबांचा पिढ्यान् पिढ्यांचा क्रम आहे. तेलुगूत ज्याला ‘इप्प’ म्हणतात तो हाच वृक्ष. पण विद्यार्थिमित्रहो, झाडाने हा गोडवा रात्रीच्या अंधारात कोणासाठी सिद्ध केला असेल, असा प्रश्न आपल्या मनात कधी आला आहे काय?

तो पाहुणा म्हणजे फळे खाणारे वटवाघूळ. गोड पाकळ्यांच्या लोभाने ते रात्री येते, एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाते आणि तोंडाला व अंगाला चिकटलेले पराग नकळत पोहोचते करते. पाकळ्यांचे काम संपले, की त्या गळून पडतात. बीजकोश मात्र फांदीवरच राहतो आणि त्याचे फळ होते. म्हणून खाली पडलेली फुले वेचल्याने फळांची हानी होत नाही. पुढे फळे पिकली, की वटवाघळेच ती दूर नेऊन गर खातात व बी टाकून देतात.

वनस्पती जागच्या हलत नाहीत. परंतु वंश चालविण्यासाठी त्यांना दोन प्रवास घडवून आणावे लागतात. पहिला परागाचा, एका फुलापासून दुसऱ्या फुलापर्यंत. दुसरा बियांचा, मातृवृक्षाच्या सावलीतून बाहेर. वारा, पाणी, कीटक, पक्षी आणि पशू ही ह्या प्रवासाची वाहने होत. काही वनस्पती तर दोन्ही प्रवास टाळून मुळांतून किंवा कंदांतून नवे रोप उभे करतात. साधने सर्व जगात हीच आहेत. त्यांतील कोणते केव्हा वापरावयाचे, हे मात्र त्या त्या प्रदेशातील पाऊस, थंडी आणि मिळणारे साहाय्य ह्यांवर अवलंबून असते.

आपल्याच पानझडी रानात पाहा. येथे पाऊस चार महिन्यांचा आणि कोरडे दिवस आठ महिन्यांचे. पळस आणि सावर ऐन कोरड्या दिवसांत, पाने झडलेली असताना फुलतात. उघड्या फांद्यांवरील लालभडक फुले दुरून दिसतात व मैना, सूर्यपक्षी असे पक्षी मधासाठी येतात. पुढे उन्हाळ्यात पळसाची हलकी, चपटी शेंग आणि सावरीचा कापूस वाऱ्यावर निघतो आणि पावसाआधी बी भुईवर पोहोचते. साग नेमका उलट वागतो. तो पावसाळ्यात फुलतो, कीटकांकडून परागण करवून घेतो व हिवाळ्यात फळे पिकवितो. सागाच्या बीचे कवच इतके कठीण, की रोपवाटिकेत त्याची फळे आलटूनपालटून भिजवावी व वाळवावी लागतात, तेव्हा कोठे अंकुर फुटतो. रानात ते पुष्कळ दिवस वाट पाहू शकते. तेंदू तर मुळांतूनही फुटवे काढतो. मोहाच्या बीला मात्र धीर नाही. ते मृगाच्या पावसाच्या सुमारास पडते आणि थोड्याच आठवड्यांत रुजले नाही, तर त्यातील जीव संपतो.

आता जिल्ह्याची वेस ओलांडू. कोकणच्या खाड्यांत कांदळ उगवतो. तेथे खारे पाणी दिवसातून दोनदा चढते व उतरते. सुटे बी पडले तर वाहून जावयाचे. म्हणून कांदळाचे बी झाडावर असतानाच अंकुरते आणि लांब शेंगेसारखे रोप तयार झाल्यावर खाली सुटते. चिखल लागला तर ते तेथेच रुजते, नाहीतर तरंगत दुसरा किनारा शोधते. सह्याद्रीच्या उतारांवरील कारवी निराळीच. ती सात वर्षे वाढते, मग डोंगरभर एकदम फुलते, बी धरते आणि मरते. एकाच वेळी एवढे बी पडते, की किडामुंगीने कितीही खाल्ले तरी पुष्कळ उरते.

उत्तरेकडील थंड देशांत वाऱ्याला महत्त्व येते. पाइन, बर्च, ओक ही झाडे मैलोगणती एकाच जातीची उभी असतात. वसंताच्या आरंभी कीटक थोडे असतात आणि बर्च व ओक ह्यांना पानेही नुकतीच फुटू लागलेली असतात. अशा वेळी वाऱ्यावर पराग उधळला, तरी तो सजातीय झाडाला सापडतो. उष्ण प्रदेशातील दाट अरण्यात एका जातीची दोन झाडे दूरदूर असतात. तेथे वाऱ्यावर सोडलेला पराग वाया जाईल, पक्षी किंवा मधमाशी मात्र तो नेमका पोहोचविते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका गणनेनुसार समशीतोष्ण प्रदेशांतील वनस्पतिसमूहांत सरासरी शंभरांपैकी ७८ सपुष्प जाती परागणासाठी प्राण्यांवर विसंबतात. उष्ण कटिबंधात ही संख्या ९४ आहे. अर्थात हा सरसकट नियम नव्हे. आपल्या शेतातील मक्याचे परागण वाराच करतो.

ध्रुवाजवळ उन्हाळा इतका आखूड, की फूल फुलून बी पिकेपर्यंत बर्फ येण्याचे भय. तेथील बिस्टोर्टा नावाची एक लहान वनस्पती तुऱ्याच्या वरच्या भागात फुले धरते आणि खालच्या भागात इवल्या कंदिका. फुले फसली, तरी कंदिका गळून रुजतात. हिमालयाच्या उंच कुरणांतही ती आढळते. वाळवंटातील अल्पायुषी रोपांचे बी अनेक वर्षे वाळूत निजते आणि पुरेसा पाऊस पडल्यावरच जागे होते. ऑस्ट्रेलियातील बँक्सियाच्या कित्येक जाती तर आपले बी लाकडी फळांत कोंडून ठेवतात. वणवा लागला म्हणजे ती फळे उघडतात आणि राखेत बी पडते.

येथे आपल्याला पुन्हा मोहाकडे वळले पाहिजे. बँक्सियाला जी आग उपकारक, तीच मोहाला घातक ठरते. फुले सहज दिसावीत म्हणून कित्येक ठिकाणी मोहाखालचा पालापाचोळा पेटवून देतात. जुन्या वृक्षाला त्याची फारशी झळ लागत नाही, म्हणून नुकसान डोळ्यांना दिसत नाही. परंतु मागील पावसाळ्यात रुजलेले वीतभर रोप तेव्हा आपल्या पहिल्याच उन्हाळ्यात उभे असते. ते जळून जाते. तेंदू मुळांतून पुन्हा फुटेल, सागाचे एखादे बी मागे उरेल. मोहाचे त्या वर्षीचे बी मात्र कधीच संपलेले असते. त्यात तेलासाठी सगळ्या बिया वेचून नेल्या, म्हणजे म्हाताऱ्या वृक्षाखाली एकही नातवंड उरत नाही.

ह्यावर उपाय कठीण नाही. पाला पेटविण्याऐवजी खराट्याने लोटावा किंवा झाडाखाली जुने लुगडे अथवा जाळी अंथरावी. फुले स्वच्छही मिळतात. बिया वेचताना काही रानासाठी ठेवाव्यात. आणि ज्या वटवाघळाला आपण अशुभ म्हणून हाकलतो, त्याला निर्धास्त राहू द्यावे. आपल्या टोपलीवर त्याचाही हक्क आहे.

ह्या पावसाळ्यात विद्यार्थ्यांनी एक काम अवश्य करावे. गावाजवळच्या एखाद्या जुन्या मोहाखाली जावे आणि भोवतालची कोवळी रोपे मोजून वहीत टिपून ठेवावीत. पुढच्या वैशाखात त्याच जागी पुन्हा मोजावे. रोपे उरली नसतील, तर पुढच्या मृगात ताजे बी आणून, न साठविता, त्याच आठवड्यात मातीत घालावे. ह्या वृक्षाला वाट पाहता येत नाही. ती आपणही पाहू नये.