मुठीएवढ्या स्नायूची कळ

रायपूर स्टेशनाकडून बिलासपूर रोडने निघालं की खमतराई मागे पडते आणि भनपुरी लागते. रस्त्यावर ट्रकांची रांग, कडेला ट्रान्सपोर्टवाल्यांची गोदामं, पुढे उरल्याच्या कारखान्यांचा धूर. समजा, इथल्या एका मराठी घरातली 16 वर्षांची मुलगी औषधाच्या दुकानात उभी आहे. आधीच दोन पुरुष गिऱ्हाइकं आहेत, म्हणून ती उगाच शाम्पूची पुडी मागते. ती माणसं गेल्यावर हळूच म्हणते, “भैया, वो पेटदर्दवाली.” दुकानदार पुढे काही विचारत नाही. मेफ्टाल-स्पासच्या पट्टीतल्या दोन गोळ्या कात्रीने कापतो, कागदात गुंडाळतो आणि सरकवतो.

घरी आई पाणी गरम करत असते. जीव तुटतोच तिचा, पण तोंडून निघतं, “पहिल्या वर्षी तर काहीच दुखत नव्हतं तुझं. आता कसं काय गं सुरू झालं?” आजीचा निकाल ठरलेला: “बाईचा जन्म आहे, सोसायला शिकावं.”

आजीचं सोडून देऊ. आईच्या प्रश्नात मात्र अख्खं शास्त्र दडलेलं आहे. ती तक्रारीच्या सुरात विचारते, पण नेमकं तेच विचारायला हवं.

आधी तो अवयव पाहू. गर्भाशय मिटलेल्या मुठीपेक्षा फार मोठं नसतं. लांबी 7-8 सेंटीमीटर, वजन 50-60 ग्रॅम, म्हणजे जवळजवळ एका अंड्याइतकं. पण हा बहुतेक सगळा स्नायूच, आणि तो बसल्या जागी स्वस्थ राहत नाही. पाळीच्या दिवसांत तो दर काही मिनिटांनी आवळतो आणि सैल पडतो. ज्यांची पाळी फारशी दुखत नाही, त्यांच्यातही हे चालूच असतं. दुखणाऱ्या पाळीत मात्र आवळणं वाढतं, दोन आवळण्यांमधली विश्रांती कमी होते आणि आतला दाब चढतो. आत बारीक नळी घालून हा दाब मोजला गेला आहे. कळ ऐन भरात असताना तो पाऱ्याच्या 150 ते 180 मिलिमीटरपर्यंत जातो, कधी त्याच्याही वर.

हा आकडा किती मोठा ते कळायला दवाखान्यातली ब्लडप्रेशरची पट्टी आठवा. डॉक्टर दंडाला पट्टी गुंडाळतात, फुगा दाबत जातात आणि एका क्षणी हात जड होतो, बोटं मुंग्या आल्यासारखी होतात. पट्टीचा दाब रक्ताच्या दाबापेक्षा वर गेला, की खालचा रक्तप्रवाह थांबतो. निरोगी तरुणीच्या रक्ताचा वरचा दाब 120च्या आसपास असतो. म्हणजे कळ शिगेला पोचते तेव्हा गर्भाशय स्वतःच स्वतःला अशी पट्टी आवळून घेतं. आपल्याच रक्तवाहिन्या चिमटतं, स्नायूला प्राणवायू पुरत नाही आणि तो ओरडतो. 1976 साली स्वीडनच्या संशोधकांनी गर्भाशयातला दाब, रक्तप्रवाह आणि कळ या तिन्हींची एकत्र नोंद घेतली, तेव्हा दाब चढताना रक्त घटत होतं आणि नेमकी तेव्हाच कळ येत होती. हृदयाला रक्त कमी पडलं की छातीत जे होतं, त्याचं हे ओटीपोटातलं भावंड आहे. छातीतल्या कळीला कुणी ‘सोसायला शिक’ म्हणत नाही.

मग हे आवळणं सुरू कोण करतं? त्या शोधात एक चमत्कारिक मुक्काम आहे: माकडाचा डोळा. जे. ई. मार्की या अमेरिकी शास्त्रज्ञाने गर्भाशयाच्या अस्तराचे बारीक तुकडे माकडिणींच्या डोळ्यात, बुबुळापुढच्या पाणीदार पोकळीत बसवले. ते तिथे रुजले, त्यांना रक्तपुरवठा मिळाला. डोळ्याचा पुढचा पडदा पारदर्शक, त्यामुळे सूक्ष्मदर्शक लावला की आतलं सगळं दिसे. माकडिणीची पाळी आली की डोळ्यातल्या त्या इवल्या तुकड्यालाही पाळी येई! 1940 साली मार्कीने नोंदवलं, की रक्तस्राव सुरू होण्याच्या काही तास आधीच अस्तरातल्या स्प्रिंगसारख्या वेटोळ्या रोहिण्या आवळून बसतात. म्हणजे कपड्यावर पहिला डाग दिसण्याआधीच आत काम सुरू झालेलं असतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, गोळीच्या वेळी कामी येईल.

काम सुरू करणाऱ्या रसायनाचं नाव मात्र चुकून पडलं, तेही पुरुषाच्या ग्रंथीवरून. 1930 साली न्यूयॉर्कमध्ये कुर्झरोक आणि लीब यांना दिसलं, की मानवी गर्भाशयाच्या स्नायूच्या पट्टीवर वीर्य टाकलं तर ती कधी आकसते, कधी सैलावते. पाच वर्षांनी स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलरने त्यातल्या द्रव्याला नाव दिलं प्रोस्टाग्लँडिन, कारण ते प्रोस्टेट ग्रंथीतून येतं असं त्याला वाटलं. पुढे कळलं, की वीर्यातलं हे द्रव्य मुख्यतः शेजारच्या दुसऱ्याच ग्रंथीतून येतं आणि शरीरातल्या जवळपास प्रत्येक ऊतीत तयार होतं. 1957 साली इंग्लंडमध्ये व्ही. आर. पिकल्स यांनी एक साधी गोष्ट केली. त्यांनी पाळीचं रक्तच तपासायला घेतलं. त्यात स्नायू आवळणारं द्रव्य सापडलं. पुढे ते याच कुळातलं निघालं, आणि ज्यांना पाळीत फार दुखतं त्यांच्यात ते जास्त असतं हेही दिसलं. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या ‘विटाळ’ म्हणून बाजूला बसवलं, त्यातच उत्तर वाहत होतं. तोपर्यंत पुष्कळ डॉक्टरही हे दुखणं नाजूक मनाचं म्हणून सोडून देत.

आता आईच्या प्रश्नाकडे येऊ. पहिल्या वर्षी का दुखलं नाही?

पाळी सुरू झाल्यावर सुरुवातीचे काही महिने, कधी वर्ष-दोन वर्षं, पुष्कळ मुलींच्या बीजकोशातून दर महिन्याला बीज सुटत नाही. बीज सुटलं तरच मागे उरलेल्या पुटकुळीतून प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक पाझरतं आणि अस्तर गर्भासाठी तयार होतं. गर्भ राहिला नाही, की प्रोजेस्टेरॉन एकदम घसरतं. ही घसरण म्हणजे इशारा. अस्तराच्या पेशींच्या भिंतींतून स्निग्ध आम्ल मोकळं होतं आणि सायक्लोऑक्सिजनेज नावाचं विकर त्यापासून प्रोस्टाग्लँडिन बनवू लागतं. बीज नाही तर प्रोजेस्टेरॉन नाही, घसरण नाही आणि कळही जवळपास नाही. म्हणून हे दुखणं बहुधा पाळी सुरू झाल्यावर सहा महिने-वर्षाने उगवतं. आईला जे खटकलं, ती शरीर नीट चालू लागल्याची खूण होती.

आणि हे रसायन काही वैरी नाही. त्याच्या आवळण्याने अस्तर सुटून बाहेर पडतं आणि उघड्या पडलेल्या रक्तवाहिन्या चिमटल्या जातात. याच कुळातली औषधं डॉक्टर प्रसूतीच्या कळा सुरू करायला वापरतात, बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबत नसेल तर तो थांबवायलाही. 16 वर्षांच्या मुलीच्या पोटात दर महिन्याला उठणारी कळ आणि बाळंतिणीची वेण एकाच घराण्याची आहे.

म्हणूनच दुखणं ओटीपोटापुरतं राहत नाही. प्रोस्टाग्लँडिन शेजारच्या आतड्यालाही पिळतं, म्हणून पहिल्या दिवशी शौचाला पातळ होतं, मळमळतं. कंबर आणि मांड्या भरून येतात त्याचं कारण वेगळं. गर्भाशयाकडून येणाऱ्या नसा पाठीच्या कण्यात ज्या मजल्यावर शिरतात, तिथेच कंबरेच्या आणि मांडीच्या वरच्या भागाच्या नसाही येतात. मेंदूला तार एकच मिळते. हाक कुठल्या खोलीतून आली हे त्याला नीट कळत नाही.

आता ती कागदात गुंडाळलेली गोळी. मेफ्टाल-स्पासमध्ये दोन औषधं असतात: 250 मिलिग्रॅम मेफेनॅमिक ॲसिड आणि 10 मिलिग्रॅम डायसायक्लोमिन. दुसरं पोटातल्या स्नायूंचा पीळ सैल करण्यासाठी. खरं काम पहिल्याचं, आणि ते कसं चालतं हे 1971 साली लंडनच्या जॉन व्हेन यांनी ॲस्पिरिनवर काम करून उलगडलं. ही औषधं प्रोस्टाग्लँडिन बनवणाऱ्या विकराला कुलूप लावतात. प्रोस्टाग्लँडिनच्या कुळावरच्या संशोधनासाठी व्हेन यांना 1982 साली बर्गस्ट्रॉम आणि सॅम्युएलसन यांच्यासोबत नोबेल मिळालं.

कुलूप कारखान्याला लागतं, गोदामाला नाही. जे प्रोस्टाग्लँडिन आधीच तयार होऊन बाहेर पडलं, त्याचं ही गोळी फारसं काही बिघडवत नाही. आपल्याकडे बहुतेक घरांत शिरस्ता उलटा असतो: आधी सोसायचं, मग कुशी बदलायच्या आणि अगदीच असह्य झालं की गोळी. तोवर गोदाम भरलेलं असतं. मग ‘मला गोळी लागूच पडत नाही’ असं वाटतं. पहिल्या डागाआधीच आत काम सुरू होतं, हे आठवा. म्हणून पहिली गोळी रक्तस्राव किंवा कळ सुरू होताच, आणि पाळी वेळेवर येत असेल तर डॉक्टरांना विचारून आदल्या दिवशीही घेतात. मग सांगितलेल्या अंतराने पहिले दोन-तीन दिवस, कारण प्रोस्टाग्लँडिनचा जोर मुख्यतः पहिल्या 48 तासांतला.

पण कुलूप सगळ्या शरीरात लागतं. पोटाचं अस्तर राखणारं प्रोस्टाग्लँडिनही त्यात अडकतं, म्हणून गोळी उपाशीपोटी नको. अल्सर, दमा, मूत्रपिंडाचा आजार असेल तर विचारल्याशिवाय नकोच. 2023च्या अखेरीस इंडियन फार्माकोपिया कमिशनने मेफेनॅमिक ॲसिडबद्दल एक सावधगिरीची सूचना काढली: क्वचित एखाद्याला या औषधाने ताप, अंगभर पुरळ आणि आतल्या अवयवांना सूज अशी गंभीर प्रतिक्रिया येऊ शकते. घाबरून जाण्यासारखं नाही, पण गोळीनंतर पुरळ उठलं तर ती थांबवून डॉक्टरकडे जायचं, एवढं प्रत्येक घरात ठाऊक हवं.

आईच्या गरम पाण्याच्या पिशवीलाही शास्त्रात मानाचं पान आहे. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत ओटीपोटावर सतत 38.9 अंशांची ऊब देणारी पट्टी बांधली, आणि तिचा गुण आयबुप्रोफेनच्या गोळीइतकाच आला. म्हणजे ऊब हवी ती अंगाच्या तापमानाहून थोडीच जास्त, पण तासन्‌तास. कातडी भाजेल इतकं कढत पाणी पाच मिनिटं लावून उपयोग नाही. रायपूरच्या मे महिन्यात, पारा 44-45 वर असताना पोटाशी पिशवी धरून पडणं म्हणजे शिक्षाच. पण स्नायूला बाहेरचं हवामान कळत नाही, त्याला ऊबच लागते. आजीच्या डब्यातल्या सुंठेलाही विसरू नका. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या इराणमधल्या चाचणीत विद्यार्थिनींना आल्याची भुकटी दिली, तेव्हा ती मेफेनॅमिक ॲसिड आणि आयबुप्रोफेनच्या बरोबरीने उतरली. एका चाचणीवर सगळा भार टाकायचा नसतो, पण सुंठ-गुळाची गोळी निव्वळ मनाची समजूत नव्हे, हे म्हणायला हरकत नाही. नियमित चालण्या-व्यायामाचाही फायदा होतो. आणि बीज सुटूच न देणाऱ्या संप्रेरकाच्या गोळ्या डॉक्टर देतात तेव्हा त्या या साखळीची पहिलीच कडी काढून घेतात.

काही कळा मात्र या हिशोबात बसत नाहीत. दुखणं वर्षागणिक वाढत जाणं, पाळी संपल्यावरही राहणं, शौचाला किंवा संबंधाच्या वेळी दुखणं, भारंभार रक्त जाणं, गोळी वेळेवर घेऊनही काही फरक न पडणं. अशा वेळी एंडोमेट्रिऑसिस असू शकतो: गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती बीजकोशावर, आतड्यावर, पोटाच्या पडद्यावर वाढते आणि तिथेही सूज आणते. जगात पाळीच्या वयातल्या सुमारे दहातल्या एकीला तो असतो, आणि निदानाला अनेक वर्षं लागतात, कारण त्या वर्षांत तिला सगळेजण ‘असंच असतं’ म्हणत राहतात.

दुखणं ऐकून घेतलं नाही, की त्याचा धंदा करणारे भेटतात. 2012 साली छत्तीसगडमध्ये ‘गर्भाशय कांड’ गाजलं: विमा योजनेच्या पैशांसाठी गरीब बायकांची गर्भाशयं गरज नसताना काढल्याच्या आरोपांवरून काही डॉक्टरांचे परवाने निलंबित झाले. 2019 साली बीडच्या ऊसतोड कामगार बायकांची तशीच गोष्ट महाराष्ट्राने ऐकली. पाळीच्या दिवसांत खाडा झाला तर मजुरी जाते म्हणून गर्भपिशवीच काढून टाकलेल्या बायका होत्या त्या. गरज नसताना होणाऱ्या या शस्त्रक्रियांना आळा घाला, असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2023 मध्ये राज्यांना बजावलं. त्याच छत्तीसगडमध्ये दुसरंही घडलं. नवा रायपूरच्या हिदायतुल्ला राष्ट्रीय विधी विद्यापीठाने 1 जुलै 2024 पासून विद्यार्थिनींना महिन्यातून एक दिवस पाळीची रजा दिली. भनपुरीच्या गोदामात किंवा कारखान्यात रोजावर जाणारीला अशी रजा नाही, तिच्यासाठी खाडा म्हणजे खाडाच. तिच्या हाती आहे ती गोळी, शेक आणि माहिती. त्यातली माहिती तेवढी फुकट मिळते.

तर घरात पाळी येणारी मुलगी असेल, तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिची तारीख मांडायला सांगा. कधी दुखलं, किती दुखलं, गोळी किती वाजता घेतली, हेही पुढे लिहू द्या. गोळी भरल्या पोटी आणि कळ चढण्याआधी. तीन महिने असं करूनही ती शाळा बुडवून अंथरुणावर पडत असेल, तर ते कॅलेंडर काढून घ्या आणि तिला घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा.