कंपोस्ट चहा : मुद्दल मातीतच राहू द्यावे

गच्चीवरील कुंड्या असोत वा परसातील लिंबू, पेरू, डाळिंबाची झाडे असोत, ती निरोगी राहावीत म्हणून अलीकडे अनेक घरांत ‘कंपोस्ट चहा’ तयार केला जातो. नाव नवे असले तरी कल्पना आपल्याकडे अपरिचित नाही. गांडूळखतातून झिरपणारे व्हर्मिवॉश आणि शेण, गोमूत्र, गूळ व बेसन यांपासून केलेले जीवामृत ही त्याचीच भावंडे होत. कंपोस्ट पाण्यात भिजविले असता त्यातील विद्राव्य अन्नद्रव्ये व सूक्ष्मजीव पाण्यात उतरतात. हे पाणी मुळांशी दिल्यास झाडाला थोडे पोषण त्वरित मिळते.

कृती सोपी आहे. नळाचे क्लोरीनयुक्त पाणी बादलीत एक दिवस उघडे ठेवावे. पूर्ण कुजलेले, काळसर व ओल्या मातीचा वास येणारे एक भाग कंपोस्ट सुती कापडात बांधून दहा भाग पाण्यात सोडावे. माशांच्या टाकीला वापरतात त्या लहान पंपाने चोवीस तास हवा खेळती ठेवावी आणि मग ते पाणी त्याच दिवशी मुळांशी घालावे. साठविल्यास त्यातील प्राणवायू संपतो. दुर्गंधी आल्यास ते वापरू नये. उरलेला चोथा कुंडीतच मिसळावा.

येथे एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. सूक्ष्मजीव वाढावेत म्हणून अनेक जण त्यात गूळ किंवा काकवी घालतात. कंपोस्ट नीट तापून कुजलेले नसेल, तर त्याच गोडव्यावर ई. कोलाय, साल्मोनेला यांसारखे रोगजंतूही पोसले जातात. म्हणून गूळ टाळावा आणि कोथिंबीर, पुदिना अशा कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पानांवर हे पाणी फवारू नये. घरातील लहान मुले व वृद्ध यांच्या दृष्टीने हे पथ्य विशेष महत्त्वाचे आहे.

फवारणीने भुरी, करपा हमखास जातो, हा दावाही जपूनच स्वीकारावा. प्रत्येक कंपोस्ट निराळे, त्यामुळे प्रत्येक बादलीही निराळी. साहजिकच प्रयोगांचे निष्कर्ष एकसारखे आलेले नाहीत. रोगट पाने काढणे, झाडांत हवा खेळती ठेवणे व पाणी बेताने देणे, हे उपाय अधिक भरवशाचे आहेत.

व्यापारी कुटुंबांना मुद्दल आणि व्याज यांतील भेद सांगावा लागत नाही. बागेचे मुद्दल म्हणजे मातीतील सेंद्रिय अंश. बादलीभर चहातून मिळणारे नत्र अल्प असते. उलट मातीवर पसरलेला कंपोस्टचा थर ओल धरतो, गांडुळांना अन्न पुरवितो आणि झाडाला महिनोन्‌महिने पोसतो. म्हणून कंपोस्ट थोडेच असेल, तर ते प्रथम बुंध्यापासून चार बोटे दूर, आळ्यात पसरावे. त्यातून उरले, तरच चहाचा विचार करावा.