पगार थांबला, पेन्शन दूर: मधल्या वर्षांविषयीचे गैरसमज

गोंदिया जिल्ह्यात पगारावर जगणाऱ्यांपैकी सरकारी नोकर, रेल्वेवाले आणि बँकवाले वगळले, तर बाकीच्यांच्या निवृत्तीची तारीख फारशी कुणी ठरवून दिलेली नसते. राईस मिलमधला ऑपरेटर, बिडी कारखान्याचा मुनीम, घरी बसून बिड्या वळणारी बाई, तिरोड्याच्या ३,३०० मेगावॉटच्या वीज प्रकल्पात ठेकेदारामार्फत लागलेला फिटर, पतसंस्थेतला कारकून अशांचे काम हार-तुरे होऊन थांबत नाही. पन्नाशी ओलांडल्यावर कधीतरी ‘उद्यापासून येऊ नका’ एवढेच कानावर येते. पगार थांबलेला असतो आणि पेन्शनचे वय अजून पाच-सात वर्षे दूर असते. या मधल्या वर्षांत होणारे नुकसान फक्त पगाराचे नसते. बराच तोटा पहिल्या दोन-तीन महिन्यांत घाईने घेतलेल्या निर्णयांमुळे होतो, आणि ती घाई काही पक्क्या रुजलेल्या गैरसमजांतून येते. ते गैरसमज एकेक करून तपासले, तर उद्याची पुंजी आज संपवण्याकडेच ते सगळे माणसाला ढकलतात, हे लक्षात येते.

गैरसमज: या वयात नोकरी जाते ती माणसात काहीतरी कमी असते म्हणून.

वस्तुस्थिती अशी की उतारवयातली नोकरी जाणे बहुतेकदा धंद्याच्या घडामोडीतून येते, माणसाच्या कुवतीतून नाही. विदर्भाने हे जवळून पाहिले आहे. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ मध्ये सुरू झाली. कामगारांसाठी पेन्शन फंड काढणारी ती देशातल्या आरंभीच्या गिरण्यांपैकी एक होती, आणि तीही २००२ मध्ये कायमची बंद पडली. मुंबईत १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार होते. त्यांतल्या हजारोंना पुन्हा साच्यावर उभे राहता आले नाही. गोंदिया-भंडाऱ्याच्या तेंदूपत्त्यावर पोसलेला बिडीधंदाही घटता ग्राहक, कर आणि तंबाखूविरोधी कायदे यांमुळे आकसत गेला. चाळीस वर्षे हात चालवणाऱ्या बाईचे काम तिचा हात मंदावला म्हणून कमी झालेले नाही. दोष स्वतःकडे घेण्याचा परिणाम मात्र खरा असतो. व्हिएन्नाजवळच्या मारिएनताल गावातली कापड गिरणी बंद पडल्यावर संशोधक मारी याहोदा आणि तिच्या सहकाऱ्यांनी तिथल्या बेकार कुटुंबांचा अभ्यास केला. १९३३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसले, की भरपूर मोकळा वेळ असूनही लोकांचे वाचनालयात जाणे कमी झाले, रस्त्यावरची चाल मंदावली आणि दिवसाचे वेळापत्रक विस्कटले. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या कामगारांवर २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास याहून गंभीर गोष्ट सांगतो: मोठ्या कपातीत नोकरी गमावलेल्या जुन्या पुरुष कामगारांतले मृत्यूचे प्रमाण लगेचच्या काळात ५० ते १०० टक्क्यांनी वाढले होते. म्हणून झोप उडणे, दारू वाढणे, घराबाहेर पडणे टाळणे ही ‘वेळ जाईल तसे ठीक होईल’ म्हणून सोडून देण्याची लक्षणे नाहीत. त्यांवर बोलण्यासाठी टेली-मानस ही सरकारची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. घरच्यांनीही ‘आता काय करणार?’ हा प्रश्न रोज विचारण्यापेक्षा त्या माणसासोबत कागदपत्रे घेऊन बसणे जास्त उपयोगाचे आहे.

गैरसमज: मालकाने नको म्हटले की विषय संपला, राजीनामा लिहून दिला तर निदान इज्जतीने बाहेर पडता येते.

हा सर्वांत महाग पडणारा गैरसमज. कामगार कपात आणि राजीनामा या कायद्याच्या नजरेत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सलग एक वर्ष, म्हणजे साधारणपणे बारा महिन्यांत २४० दिवस काम केलेल्या कामगाराला कपातीत काढताना एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा लागतो. शिवाय सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी पगाराएवढी भरपाई द्यावी लागते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातली ही तरतूद, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. नव्या संहितेत त्यावर आणखी १५ दिवसांच्या पगाराइतकी रक्कम कामगाराच्या पुनर्प्रशिक्षणासाठी देण्याची तरतूद आहे. स्वतःहून दिलेल्या राजीनाम्याला मात्र यातले काहीच लागू होत नाही. म्हणून ‘स्वखुशीने काम सोडत आहे’ अशा कागदावर सही करण्याआधी तो कागद घरी आणावा, वाचावा, कामगार संघटनेला किंवा जाणत्या वकिलाला दाखवावा. यावर आक्षेप येतो, की हे हक्क पुस्तकातच राहतात, मालकाशी भांडायला पैसा आणि बळ कुठून आणायचे? आक्षेपात तथ्य आहे. कामगारांची न्यायालयातली प्रकरणे वर्षे खातात. पण सही न करण्याला खर्च येत नाही, आणि सरकारी कामगार कार्यालयात समेटासाठी अर्ज करायला वकील लागत नाही. शिवाय ‘गेली ती गेली’ हे नेहमी खरेही नसते. २०२१-२२ च्या एसटी संपात अनेक कर्मचारी बडतर्फ झाले होते. एप्रिल २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने कामावर परतण्याची मुदत ठरवून दिली आणि ते पुन्हा कामावर रुजू झाले. एवढे मात्र ध्यानात ठेवावे, की नव्या संहितेनुसार वाद उद्भवल्यापासून दोन वर्षे उलटली की समेट अधिकारी तो हाती घेत नाही. पैसे खर्च करण्यात घाई नको, पण तक्रार नोंदवण्यात दिरंगाईही नको.

गैरसमज: ग्रॅच्युइटी मिळाली म्हणजे हिशेब चुकता झाला.

ग्रॅच्युइटी हे आजवर केलेल्या सेवेचे देणे आहे आणि कपातीची भरपाई हे काम हिरावल्याचे देणे आहे. एक दिल्याने दुसरे फिटत नाही. दरमहा १५,००० रुपये पगारावर १८ वर्षे काम केलेल्या माणसाचा हिशेब मांडून पाहू. ग्रॅच्युइटीत महिन्याचे २६ दिवस धरून वर्षाला १५ दिवसांचा पगार मोजतात, म्हणजे सुमारे १ लाख ५५ हजार ७०० रुपये. कपातीची भरपाई वर्षाला अर्ध्या महिन्याच्या पगाराने धरली तर १ लाख ३५ हजार रुपये. दोन्ही मिळून जवळपास २ लाख ९० हजार होतात. एकाच रकमेवर समाधान मानणारा माणूस जवळजवळ निम्मी रक्कम सोडून देतो. दहा किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या ठिकाणी पाच वर्षे काम केलेल्याला ग्रॅच्युइटी मिळते, आणि ती राजीनामा दिलेल्यालाही मिळते. मालकाला ती ३० दिवसांत द्यावी लागते. थकलेला पगार तर वेतन संहितेप्रमाणे दोन कामाच्या दिवसांत चुकता करायचा असतो.

गैरसमज: पीएफ एकदाचा काढून घ्यावा; सरकारी पेन्शनचा काय भरवसा?

हातात पैसा असला की धीर येतो, हे खरे. पण काम सुटले म्हणून पीएफवरचे व्याज बंद होत नाही. पन्नाशीत काम सुटलेल्याच्या खात्यात वर्गणी थांबली तरी व्याज जमा होत राहते. २०२४-२५ चा दर ८.२५ टक्के होता. तोच कायम राहिला, तर आजचे तीन लाख आठ वर्षांत साडेपाच लाखांच्या पुढे जातात. कर्मचारी पेन्शन योजनेचा, म्हणजे ईपीएस-९५ चा नियमही समजून घ्यायला हवा. दहा वर्षांची सेवा पूर्ण असेल तर ५८ व्या वर्षी आजीवन पेन्शन मिळते. पेन्शनसाठी धरला जाणारा पगार गुणिले सेवेची वर्षे भागिले ७० हे तिचे सूत्र. वरच्याच माणसाचे उदाहरण घेतले तर ती सुमारे ३,८५७ रुपये होते. पन्नाशीपासून ती लवकर सुरू करता येते, पण ५८ ला जितकी वर्षे कमी असतील तितकी दरवर्षी ४ टक्के कपात होते आणि ती कपात पुढे कधीच भरून निघत नाही. पन्नासाव्या वर्षीच सुरू केली, तर याच माणसाला महिन्याला हजार रुपयांहून जास्त तोटा आयुष्यभर सोसावा लागतो. ‘एवढ्याशा पेन्शनने काय होणार?’ हा प्रश्न रास्त आहे. सप्टेंबर २०१४ पासून किमान पेन्शन १,००० रुपयांवरच अडली आहे आणि ती ७,५०० करावी ही पेन्शनधारकांची मागणी न्याय्य आहे. तरीही लहान असलेली आजीवन रक्कम आणखी लहान करून घेणे हा त्यावरचा उपाय नव्हे. ऑक्टोबर २०२५ मध्ये भविष्य निर्वाह निधीच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने काम सुटल्यावर ७५ टक्के रक्कम लगेच काढू देण्याचा, पण संपूर्ण रक्कम काढण्याची मुदत दोन महिन्यांवरून बारा महिन्यांवर नेण्याचा निर्णय घेतला. स्वतःच्या पैशासाठी थांबावे का लागावे, हा राग समजण्यासारखा आहे, आणि ज्या घरात चूल पेटायचीच पंचाईत असेल, त्या घराने जरूर पैसे काढावेत. फरक एवढाच करावा, की घरखर्च आणि औषधपाण्यासाठी लागेल तेवढेच काढायचे. लग्नाच्या थाटासाठी, घराच्या स्लॅबसाठी किंवा नातलगाला उसने देण्यासाठी नाही.

गैरसमज: बिडीवाल्या बायांना आणि ठेकेदारी कामगारांना यातले काही लागूच नसते.

बिडी कामगारांसाठी १९६६ चा स्वतंत्र कायदा होता आणि त्यात घरी बसून बिड्या वळणारेही धरलेले होते. अशा घरी काम करणाऱ्यांनाही पीएफ लागू होतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये स्पष्ट केले. म्हणजे जिच्या मजुरीतून वर्षानुवर्षे पीएफ कापला गेला, तिची दहा वर्षे भरत असतील तर तिचाही पेन्शनवर हक्क आहे. अडचण असते ती कागदांची. जुन्या नोंदीत नाव एक आणि आधारवर दुसरे, जन्मतारीख अंदाजाने लिहिलेली, काम सोडल्याची तारीख भरलेलीच नाही, असे असले की अर्ज अडकतो. ही दुरुस्ती ५८ व्या वर्षी नव्हे, काम सुटताच करायला हवी, कारण तेव्हा मुनीम, ठेकेदार आणि कारखान्याची वही जागेवर असते. काम सोडल्याची तारीख मालकाने भरली नाही, तर दोन महिन्यांनंतर सदस्याला ती ऑनलाइन स्वतः भरता येते. वीसपेक्षा कमी माणसांच्या लहान मिलमध्ये पीएफ नसतो, हेही मान्य करायला हवे. पण कपातीच्या भरपाईला पीएफचा नियम लागत नाही, आणि ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते. त्यासाठी हजेरीपट, गेट पास, बँकेतल्या जमा नोंदी असे पुरावे जपावे लागतात.

गैरसमज: काम गेले तर गेले, शेती आहेच, नाहीतर एखादे दुकान टाकू.

गोंदियाची शेती मुख्यतः धानाची आहे. रोवणी आणि कापणीच्या काळात बांधीत हात कमी पडतात, पण एरवी महिनोन्महिने त्याच कुटुंबातल्या माणसांना पुरेसे काम नसते. धानाचा हमीभाव २०२५-२६ साठी क्विंटलला २,३६९ रुपये आहे. दोन-तीन एकरांत तीन भाऊ आधीच राबत असतील, तर चौथ्याच्या येण्याने पीक वाढत नाही, वाटेकरी वाढतो. शेतीचा आधार खरा आहे, पण तो घरच्या तांदळाचा, महिन्याच्या पगाराचा नव्हे. दुकानाचेही तसेच. भरपाईचा सगळा पैसा घालून नव्याने शिकायचा धंदा सुरू करणे पंचविशीत परवडते, कारण बुडाले तरी भरून काढायला वर्षे असतात. पंचावन्नाव्या वर्षी ती नसतात. म्हणून धंदा करायचाच असेल, तर हातात असलेल्या कसबाचा करावा. मिलचा मेकॅनिक दुरुस्तीचे काम घेऊ शकतो, मुनीम दोन-तीन व्यापाऱ्यांचे हिशेब ठेवू शकतो. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात वयाची वरची अट नाही आणि गोंदियाच्या जिल्हा उद्योग केंद्रात त्याची चौकशी करता येते. मात्र त्यातले अनुदान हाती रोख मिळत नाही. ते तीन वर्षे बँकेत अडकून राहते आणि तोवर कर्जाचे हप्ते भरावेच लागतात.

गैरसमज: सरकारच्या इतक्या योजना आहेत, कुठली ना कुठली लागू होईलच.

हा गैरसमज सर्वांत कमी बोलला जातो, आणि तो दूर करण्याची जबाबदारी नोकरी गेलेल्या माणसावर टाकता येत नाही. अटल पेन्शन आणि श्रमयोगी मानधन या योजनांत चाळिशीनंतर प्रवेश नाही. राज्याची युवा कार्य प्रशिक्षण योजना पस्तिशीला थांबते. श्रावणबाळ योजना पासष्टीला सुरू होते. चाळिशीच्या पुढे आणि पासष्टीच्या अलीकडे असलेल्या धडधाकट पण बेकार माणसाला धरणारी तरतूद जवळजवळ नाही. पगारातून ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा कापला जात असेल तर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत ९० दिवसांपर्यंत निम्म्या पगाराएवढी मदत मिळू शकते, आणि दवाखान्यासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा पाच लाखांपर्यंतचा आधार राज्यातल्या सगळ्याच कुटुंबांना आहे. हे दोन्ही वापरावेत. पण त्यापलीकडे या वयाच्या कामगाराला नवे कसब शिकवणारी, दोन नोकऱ्यांमधल्या काळात पीएफला हात न लावता घर चालवू देणारी व्यवस्था गोंदियासारख्या जिल्ह्याला हवी आहे. तिची मागणी कामगार संघटनांनी, ग्रामसभांनी आणि लोकप्रतिनिधींनी करायला हवी. ती येईपर्यंत माणसाच्या हाती उरते ते एवढेच: न वाचता सही न करणे, प्रत्येक देणे वेगळे मागणे, कागद वेळेत दुरुस्त करणे आणि पेन्शनचे वर्ष येईपर्यंत पुंजीला लागेल तेवढाच हात लावणे. यातली कुठलीही गोष्ट गेलेली नोकरी परत आणत नाही, पण तीस वर्षांच्या कष्टाने जे कमावले, ते एका वाईट महिन्यात गमावण्यापासून ती नक्की वाचवते.