प्रकाशाने तापणारे सूक्ष्मकण कॅन्सरची गाठ कशी जाळतात? या उपचारात अडचण कुठे आहे?

प्रोस्टेट ग्रंथीच्या कॅन्सरवर शस्त्रक्रिया किंवा रेडिएशन हे प्रभावी उपचार आहेत. पण या ग्रंथीला खेटूनच नाजूक नसा असतात. त्यांना इजा झाली तर लघवीवरचा ताबा किंवा लैंगिक क्षमता कमी होऊ शकते. म्हणून आजूबाजूला धक्का न लावता फक्त गाठच नष्ट करता येईल का, याचा शोध शास्त्रज्ञ घेत आहेत. ‘फोटोथर्मल थेरपी’ हा त्यातलाच एक मार्ग.

ही थेरपी नेमकी काय आहे?

प्रकाश शोषून तापणारे सूक्ष्मकण शिरेतून किंवा थेट गाठीत सोडले जातात. गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईने वाढलेल्या असतात. त्यांच्या भिंतींतल्या फटींतून काही कण आत शिरून साचतात. मग गाठीवर लेझरचा झोत टाकला जातो. कण तापतात आणि गाठही तापते. उष्णतेने अंड्याचा पांढरा बलक घट्ट होतो, तशीच पेशींमधली प्रथिने बिघडतात. तापमान ५० अंश सेल्सिअसच्या वर गेले की पेशी काही मिनिटांत मरू लागतात.

प्रकाश शरीरात शिरतो कसा?

अंधारात तळहातामागे टॉर्च धरला की बोटे लालसर दिसतात. कारण रक्त आणि मांस इतर रंग शोषून घेतात, लाल प्रकाश मात्र बराचसा आरपार जातो. त्याच्याही पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा ‘निअर इन्फ्रारेड’ प्रकाश आणखी खोल जातो. प्रयोगांत बहुधा ८०८ नॅनोमीटरचा लेझर वापरतात.

सोने असताना पॉलिमर कशाला?

सुरुवातीचे गाजलेले काम सोन्याच्या कणांवर झाले. अमेरिकेतील राइस विद्यापीठाच्या नाओमी हालास आणि जेनिफर वेस्ट यांच्या गटाने २००३ मध्ये सिलिकावर सोन्याचा मुलामा दिलेले कण वापरून उंदरांतील गाठी तापवून दाखवल्या. याच कणांची प्रोस्टेट कॅन्सरच्या १६ रुग्णांवरील चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. आदल्या दिवशी कण शिरेतून दिले आणि दुसऱ्या दिवशी लेझर वापरला. १५ जणांवर ही प्रक्रिया पार पडली आणि लघवी व लैंगिक क्षमतेत लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र ही चाचणी लहान होती.

सोन्याची अडचण वेगळीच आहे. शरीर ते पचवू शकत नाही. त्यामुळे उरलेले कण यकृत आणि प्लीहेत दीर्घकाळ राहू शकतात. इथे पॉलिमर पुढे येते. ‘पॉलिडोपामिन’ हे पॉलिमर त्वचेला आणि केसांना रंग देणाऱ्या मेलॅनिनशी मिळतेजुळते आहे. गडद रंगामुळे ते प्रकाश चांगला शोषते आणि शरीरात हळूहळू विघटित होऊ शकते. अशा कणांवर कॅन्सरचे औषधही चढवता येते. कण तापले की औषध गाठीतच सुटते. अर्थात, सगळीच पॉलिमर विघटित होत नाहीत. ‘पॉलिपायरोल’ उत्तम तापते, पण सहज मोडत नाही.

मग अडचण कुठे आहे?

उष्णता निर्माण करणे हा तुलनेने सोपा भाग आहे. कण योग्य जागी पोहोचवणे अवघड आहे. दहा वर्षांतील संशोधनाचा आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. शिरेतून दिलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत पोहोचणाऱ्यांचे मध्यक प्रमाण फक्त ०.७ टक्के निघाले. बाकीच्यांतले बरेच यकृत आणि प्लीहा अडवतात.

दुसरी मर्यादा खोलीची आहे. बाहेरून टाकलेला प्रकाश आत जाताना झपाट्याने क्षीण होतो. त्यामुळे खोलवरच्या गाठीसाठी सुईतून प्रकाशतंतू आत न्यावा लागतो.

रुग्णांनी काय लक्षात घ्यावे?

पॉलिमर कणांवरचे बहुतेक काम अजून प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवर सुरू आहे. उंदराची गाठ त्वचेखालीच असते, माणसाची अनेकदा खूप आत. शिवाय लेझर एका जागी काम करतो. शरीरभर पसरलेल्या कॅन्सरवर तो एकटा पुरा पडत नाही. त्यामुळे ‘प्रकाशाने कॅन्सर बरा’ असा मेसेज वाचून सुरू असलेला उपचार थांबवणे धोक्याचे ठरेल.