डुकराला काहीही चालतं म्हणे!

गोव्यात पेडणे-डिचोलीकडे डुकरापुढे काय पडत नाही? भाताचा कोंडा, उरलेली पेज, मोरजी-हरमलच्या हॉटेलांतलं खरकटं, मासळी साफ केल्यावरची डोकी-आतडी आणि काजूच्या हंगामात बोंडांचा चोथा. डुक्कर हे सगळं आवडीने खातं, म्हणून ‘त्याला काहीही चालतं’ हा समज पक्का झाला. चालतं हे खरं, पण खाल्लेलं अंगी लागलं की वाया गेलं, ते पुढच्या पाच-सहा तासांत त्याच्या रक्तात दिसतं.

‘डुक्कर म्हणजे ढोर, गुरांसारखंच पचवणार’ हा पहिला घोटाळा. डुक्कर रवंथ करत नाही. त्याचं पोट आपल्यासारखं एकाच कप्प्याचं. माणसाच्या अन्नातल्या प्रथिनांची प्रत ठरवताना माणसांवर प्रयोग शक्य नसेल तर वाढत्या डुकरांवर करावा, अशी शिफारस अन्न व कृषी संघटनेच्या २०१३च्या अहवालात आहे, ती याच साम्यामुळे. शिजलेल्या भाताची पेज डुकराला घातली की साधारण अर्ध्या-एक तासात रक्तातली साखर चढते, पाठोपाठ इन्सुलिन वाढतं आणि साखर उतरते.

कोंडा नि चोथा म्हणजे नुसतं पोट भरणं, असंही म्हणतात. ते अर्धंच खरं. तंतू लहान आतड्यात पचत नाहीत. मोठ्या आतड्यातले जिवाणू ते आंबवतात आणि त्यातून तयार झालेली ॲसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट ही आम्लं रक्तात येतात. साखरेसारखी एकदम उसळी नाही. पुढचे कित्येक तास सावकाश मिळत राहणारी ऊर्जा. काजूच्या चोथ्याची गोष्ट मात्र वेगळी. फेणीसाठी रस काढून घेतला की बोंडातली बरीच साखर त्याच्याबरोबर जाते. मागे राहतात तंतू आणि तोंड आवळणारं टॅनिन. टॅनिन प्रथिनांना धरून ठेवतं, त्यामुळे जेवणानंतर रक्तात यायला हवीत तेवढी अमिनो आम्लं येत नाहीत. चोथा फुकट मिळतो म्हणून दोन महिने त्यावरच भागवलं तर वाढ खुंटते. खाद्यात मिसळून, बेताने द्यावा.

सगळ्यात महागडा गैरसमज पेंडीचा: जितकी जास्त, तितकी वाढ. मांस घडवायला शरीराला सगळी आवश्यक अमिनो आम्लं एकाच वेळी लागतात. धान्य-कोंड्याच्या खाद्यात आधी कमी पडतं ते लायसिन. २५ ते ५० किलो वजनाच्या डुकराला खाद्यात सुमारे १ टक्का पचणारं लायसिन हवं. शेंगदाण्याच्या पेंडीत प्रथिनं भरपूर, लायसिन तोकडं. मग उरलेल्या अमिनो आम्लांचं काय? ती साठवता येत नाहीत. यकृत त्यांतला नायट्रोजन काढून त्याचा युरिया करतं. जेवणानंतर काही तासांनी तो रक्तात चढतो आणि मुतावाटे बाहेर पडतो. सकाळी शेडमध्ये शिरताच डोळे चुरचुरवणारा अमोनियाचा वास येतो ना, त्यात पैसे मोजून आणलेल्या पेंडीचा वाटा असतो. सोयाबीन पेंडीत किंवा चांगल्या फिशमीलमध्ये लायसिन अधिक; थोड्या पेंडीत काम होतं आणि युरियाही कमी राहतो. पण युरिया कमी म्हणजे खाद्य उत्तम, असंही लगेच समजू नये. मुळात प्रथिनच कमी पडलं, तरी तो कमीच दिसणार.

हॉटेलच्या खरकट्यात तेल फार. तसं खाल्ल्यानंतर दोन-चार तासांनी काढलेल्या रक्ताचा वरचा भाग दुधट दिसतो. ही आतड्यातून आलेली चरबी. डुक्कर ती फारशी न बदलता अंगावर चढवतं, त्यामुळे तेलकट खाणाऱ्याची चरबी मऊ राहते. चोरिस (डुकराच्या मांसाचं सॉसेज) करणाऱ्याला विचारा, त्याला घट्ट चरबी का हवी असते! मासळीचा वासही असाच मांसात उतरतो. आणि खरकटं कच्चं घालणं तर टाळाच. आफ्रिकन स्वाइन फीव्हर त्यातूनही येतो. द्यायचंच तर ढवळत राहून ९० अंशांवर किमान तासभर तापवलेलं.

‘एकदा रक्त तपासलं की सगळं कळतं’ म्हणणाऱ्यांनी नमुना कधी काढला ते आधी सांगावं. उपाशी डुकराचं रक्त आणि पेज खाल्ल्यावर पाऊण तासाचं रक्त यांची तुलनाच होत नाही. नाकाला फास लावून, किंचाळणारं डुक्कर धरून काढलेल्या नमुन्यात भीतीनेच साखर नि लॅक्टेट वाढलेलं असतं. उलट रक्त साध्या नळीत तसंच ठेवलं तर पेशी त्यातली साखर खात राहतात. डिचोलीहून प्रयोगशाळेपर्यंत नेताना आकडा वाटेतच घसरू शकतो. म्हणून संशोधक शिरेत आधीच बारीक नळी बसवून ठेवतात आणि जेवणाआधी एक, नंतर ठरावीक वेळाने अनेक नमुने घेतात. डेन्मार्कमधल्या फौलम संशोधन केंद्रातल्या प्रयोगांत तर यकृताकडे जाणारी शीर आणि धमनी, दोन्हींतलं रक्त घेऊन आतड्याने नेमकं काय शोषलं ते मोजतात. पाच-दहा डुकरं पाळणाऱ्याला यातलं काही करायचं नाही. त्याने दर पंधरवड्याला डुकरं काट्यावर घ्यावीत आणि वाढलेल्या प्रत्येक किलोमागे किती खाद्य गेलं ते वहीत लिहावं.